‘मुद्दाम केले नाही’ म्हटल्याने सुटका होते काय?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनानिमित्त पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय कायद्याचा असला तरी तो फक्त वकिलांचा नाही. मुलाच्या हातून काचेचे भांडे फुटते आणि तो लगेच म्हणतो, “अम्मी, मी मुद्दाम नाही केलं.” आई त्याच्या तोंडाकडे पाहते. तो खरे बोलत आहे असे तिला वाटले तर ती हात आवरते. मुद्दाम फोडले असे दिसले तर चार शब्द सुनावते. फुटलेल्या भांड्याची किंमत दोन्ही वेळा सारखीच असते, पण शिक्षा सारखी नसते. म्हणजे कृतीबरोबर मनही पाहिले पाहिजे हा न्याय प्रत्येक घरात रोज चालतो. आता प्रश्न असा, की भांड्याच्या जागी माणसाचा जीव असेल आणि आईच्या जागी न्यायाधीश असेल, तर ‘माझा हेतू नव्हता’ एवढ्या उत्तरावर आरोपीला सोडून द्यावे काय?

या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देणारा माणूस घाई करीत आहे असे मी समजतो. आपण तो पायरीपायरीने पाहू.

प्रथम आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीपासून निघू. सहीह बुखारी हा हदीसचा थोर संग्रह ज्या हदीसने सुरू होतो, तिचा विषयच नियत हा आहे. मराठीत आपण ज्याला इरादा किंवा हेतू म्हणतो, त्याला धर्माने इतके वरचे स्थान दिले आहे. तरीही सूरह अन्-निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या मनुष्यवधाचा विचार आहे, तो लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. ज्याच्या हातून चुकीने माणूस मारला गेला, त्याला जाणूनबुजून मारणाऱ्याच्या रांगेत बसविलेले नाही. पण त्याला “जा, तुझा काही दोष नाही” असेही सांगितलेले नाही. मृताच्या वारसांना दियत, म्हणजे रक्तमूल्य द्यायचे. त्यांनी उदार मनाने माफ केले तर गोष्ट वेगळी. त्याशिवाय स्वतःचे प्रायश्चित्त म्हणून एका गुलामाला मुक्त करायचे आणि ते शक्य नसेल तर लागोपाठ दोन महिने रोजे ठेवायचे. यात शिक्षा, भरपाई आणि प्रायश्चित्त यांचे हिशेब वेगवेगळे ठेवलेले आहेत. हेतू नसल्याने पहिल्या हिशेबात सूट मिळते. दुसऱ्या आणि तिसऱ्या हिशेबात ती आपोआप मिळत नाही. माझ्या आजच्या भाषणाचे सार म्हटले तर एवढेच आहे. पुढे जे सांगणार आहे, ते आपल्या देशाच्या कायद्यातून याच गोष्टीचे स्पष्टीकरण आहे.

दुसऱ्याच्या मनात डोकावता येत नाही ही न्यायाधीशांची फार जुनी अडचण आहे. इमाम अबू हनीफा यांनी त्यावर असा मार्ग काढला, की मन दिसत नसले तरी हत्यार दिसते. ज्याने धारदार शस्त्र चालविले, त्याचा इरादा त्या शस्त्रावरून ओळखावा. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांचे मत थोडे वेगळे होते. ज्या साधनाने एरवी माणूस मरतोच अशा कोणत्याही साधनाने मारले तर तो जाणूनबुजून केलेला वधच होय, असे ते म्हणत. बंगालमध्ये इंग्रजांच्या अमलातही फौजदारी न्याय बराच काळ याच शास्त्राने चालत असे. १७९० साली गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस याने नियम बदलला आणि खुनाच्या खटल्यात हत्यार कोणते होते यापेक्षा मारणाऱ्याचा हेतू काय होता, हे पुराव्यावरून ठरवावे असे सांगितले. आपल्या मुंबई इलाख्यात १८२७ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत गुन्हे आणि शिक्षा यांचे लेखी नियम झाले. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली तयार केलेल्या मसुद्यावरून भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १८६२ च्या पहिल्या जानेवारीपासून लागू झाली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. कलमांचे आकडे बदलले, पण हेतूविषयीचा मूळ विचार बदललेला नाही.

हा विचार एका साध्या उदाहरणाने समजून घेऊ. गच्चीवरून मातीची कुंडी खाली पडली आणि रस्त्याने जाणारा मनुष्य मेला, असे समजा. एकाने त्या माणसावर नेम धरून ती टाकली. हा खून. दुसऱ्याचे कोणाशी वैर नव्हते. पण खाली बाजाराची गर्दी आहे, कोणी तरी मरू शकेल, हे ठाऊक असून त्याने गंमत म्हणून ती लोटली. त्याला मारायचे नव्हते हे खरे, पण काय होईल याची जाणीव होती. हा सदोष मनुष्यवध, आणि अशी जाणीव असल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिसऱ्याने कुंडी कठड्याच्या अगदी कडेला ठेवली आणि ती पडू शकते याचा विचारच केला नाही. ही हयगय. चौथ्याने ती नीट आत ठेवली होती, पण भूकंपाच्या धक्क्याने ती उडून पडली. हा निव्वळ अपघात, आणि योग्य काळजी घेऊन कायदेशीर काम करताना घडलेला अपघात कायद्याने गुन्हा मानलेला नाही. चौघांची कुंडी एकच, मेलेला मनुष्यही एकच. तरी एकाला फाशी होऊ शकते आणि एक जण सन्मानाने घरी जातो.

या चौघांपैकी शेवटच्या तिघांचेही म्हणणे “माझा मारण्याचा हेतू नव्हता” असेच असेल, हे ध्यानात घ्या, आणि तिघेही खरेच बोलत असतील. म्हणून हेतू नव्हता एवढ्याने काम भागत नाही. पुढे आणखी विचारावे लागते: तुला जाणीव होती का? आणि नव्हती तर ती तू ठेवायला हवी होतीस का?

प्रामाणिक गैरसमजाला आपल्या न्यायालयांनी किती मोठ्या मनाने वागविले आहे, याचे ओरिसातील एक उदाहरण सांगतो. १९५८ सालची ही घटना. रसगोविंदपूर येथे युद्धकाळातला एक ओस पडलेला विमानतळ होता. रात्री तिथे भुते फिरतात असा भोवतालच्या लोकांचा समज होता. भंगार खरेदीसाठी आलेल्या कलकत्त्याच्या व्यापाऱ्याबरोबर एक नेपाळी नोकर होता. रात्री झाडाखाली हलता उजेड आणि त्याभोवती फिरणाऱ्या आकृत्या दिसल्या. त्याने ही भुतेच असे समजून कुकरी उपसली आणि तो त्यांच्यावर धावून गेला. ती भुते नव्हती. कंदील घेऊन मोहाची फुले वेचायला आलेल्या गरीब आदिवासी स्त्रिया होत्या. एक स्त्री मेली, इतर जखमी झाल्या. ओरिसा उच्च न्यायालयाने त्या नोकराची सुटका कायम ठेवली. समोर माणसे आहेत हे त्याच्या मनात नव्हतेच, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे आणि परिस्थितीप्रमाणे तो प्रामाणिकपणे चुकला होता, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

हा निकाल ऐकून काहींना समाधान वाटेल, काहींना त्या मेलेल्या स्त्रीची आठवण होऊन बोचेल. दोन्ही भावना योग्य आहेत. त्या माणसाला खुनी म्हणणे अन्यायाचे झाले असते. पण त्या स्त्रीच्या घरच्यांचे काय? आरोपी सुटला म्हणजे त्यांचे दुःख आणि त्यांचे नुकसान संपले काय? फौजदारी कायद्यात या प्रश्नाला पुरेसे उत्तर सापडत नाही. मघाशी मी दियतचा उल्लेख केला तो यासाठीच.

आता दुसरी बाजू पाहू. हयगयीने मृत्यू घडविण्याचा गुन्हा मेकॉलेच्या मसुद्यात होता, पण १८६० च्या संहितेत तो गळाला. दहा वर्षांत उणीव जाणवली आणि १८७० साली कलम ३०४-अ घालण्यात आले. वृत्तपत्रांत “निष्काळजीपणे व हयगयीने वाहन चालवून” हे शब्द आपण वाचतो, ते या कलमाचे. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षांची होती. नव्या संहितेने ती पाच वर्षांपर्यंत नेली आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचार करण्यासारखा आहे. ज्याच्या मनात पाप नव्हते त्याला तुरुंगात टाकून काय साधणार? मेलेला परत येत नाही, आणि शिक्षेची भीती तरी कोणाला? जो आधी विचारच करीत नाही, तो शिक्षेचा विचार कसा करील? माझे उत्तर असे, की काळजी घेणे ही माणसाच्या हातातली गोष्ट आहे. ब्रेक तपासणे, वेग आवरणे, दारू पिऊन गाडीला हात न लावणे, शेताच्या कुंपणात डुकरांसाठी विजेचा प्रवाह न सोडणे, यांतले काहीच अशक्य नाही. जे सहज करता आले असते ते न केल्यामुळे दुसऱ्याचा जीव जातो, तेव्हा ‘मी विचार केला नाही’ हे त्या माणसाचे म्हणणे बचाव न ठरता त्याच्यावरचा आरोपच ठरते.

मुंबईच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली आणि सात जण मेले. चालक दारू प्यालेला होता. त्या मजुरांना मारावे असे त्याच्या मनात असण्याचे काही कारण नव्हते. खालच्या न्यायालयाने ही हयगय ठरवून सहा महिन्यांची कैद दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र हा सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षांची शिक्षा दिली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दारू पिऊन भरधाव गाडी हाकणाऱ्याला काय घडू शकते याची जाणीव असते, हा या निकालाचा मथितार्थ आहे. हेतू नसला तरी जाणीव लपविता येत नाही.

याचा अर्थ प्रत्येक मृत्यूमागे गुन्हेगार शोधलाच पाहिजे असा मात्र नाही. आपल्या मुलामुलींपैकी काही जण उद्या डॉक्टर होणार आहेत. त्यांना हे कळले पाहिजे, की २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांबाबत स्पष्ट सांगितले आहे: निर्णय चुकला किंवा उपचाराला यश आले नाही एवढ्यावरून फौजदारी गुन्हा होत नाही, त्यासाठी हयगय फार मोठी असावी लागते. आणि ज्यांचे रुग्ण दगावतात त्या नातेवाईकांनीही हे समजून घेतले पाहिजे. दवाखान्याच्या काचा फोडणे हे मात्र हेतूपूर्वकच होते.

आतापर्यंत आपण न्यायालयाने मन तपासल्याची उदाहरणे पाहिली. काही कायदे असे आहेत की तिथे मनाला फार थोडी जागा असते. इथे पालकांनी विशेष लक्ष द्यावे.

२४ नोव्हेंबर १९६२ रोजी सोन्याबाबतचा एक नवा नियम भारत सरकारच्या राजपत्रात छापून आला. विमानातून परदेशी जाणारे सोनेही आता विमानाच्या मालयादीत दाखविलेले असले पाहिजे, असा तो नियम होता. तीनच दिवसांनी झुरिचहून मनिलाला निघालेला एक जर्मन प्रवासी २८ तारखेला सांताक्रूझ विमानतळावर थांबलेल्या विमानात बसून होता. त्याच्या जाकिटाच्या खिशांत दुसऱ्यांनी सोपविलेले ३४ किलो सोने होते आणि ते यादीत नव्हते. भारतात नवा नियम आला हे त्याला ठाऊक नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी मन नाही म्हणून त्याला सोडले. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार आणि न्यायमूर्ती मुधोळकर यांनी बहुमताने तो निकाल फिरविला. देशाच्या तिजोरीचे रक्षण करणाऱ्या अशा कायद्यात ठाऊक नव्हते हा बचाव चालणार नाही, असे ते म्हणाले. शिक्षा मात्र भोगून झाली तेवढीच ठेवली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले. कायद्याने स्पष्ट सांगितल्याशिवाय दोषी मनाची अट गाळू नये असे त्यांना वाटत होते. पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशातील धारच्या एका धान्यव्यापाऱ्याचा खटला आला. त्याने परवान्यासाठी अर्ज केला होता, फी भरली होती आणि परवाना मिळेल अशा प्रामाणिक समजुतीने गहू साठविला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.

माझे स्वतःचे मत न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या बाजूचे आहे. मन न पाहता शिक्षा देणारा कायदा हुशार गुन्हेगाराला क्वचित सापडतो. त्यात अडकतो तो बहुधा ज्याला नियम वाचता येत नाही, वकील परवडत नाही, असा माणूस. म्हणून असे कायदे थोडे असावेत आणि त्यांतल्या शिक्षा हलक्या असाव्यात. परंतु मत काहीही असले तरी वस्तुस्थिती नजरेआड करून चालत नाही. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात दोषी मन आहे असे न्यायालय गृहीत धरून चालते. मला माहीत नव्हते, हे आरोपीनेच निःसंशय सिद्ध करायचे असते, आणि माल मोठ्या प्रमाणात असेल तर शिक्षा कमीत कमी दहा वर्षांची असते.

आपल्या समाजातील, विशेषतः कोकणातील, कितीतरी कुटुंबांचे आखाती देशांत जाणे-येणे आहे. निघताना कोणी शेजारी, कोणी नातेवाईक पुडके आणून देतो. “एवढं आमच्या माणसाला पोचतं करा.” नाही म्हणणे जिवावर येते. २०१९ साली मुंबईचे एक तरुण जोडपे कतारला गेले. नात्यातल्या व्यक्तीने दिलेल्या पुडक्यात चार किलोहून अधिक चरस निघाला. दोघांनाही दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. आत काय आहे हे त्यांना माहीत नव्हते, हे भारतातल्या तपासातून पुढे आले, तेथील वरिष्ठ न्यायालयाने फेरविचार करविला आणि २०२१ साली ते निर्दोष सुटले. अखेर निर्दोष मन कामी आले, पण मधली पावणेदोन वर्षे तुरुंगातच गेली. म्हणून सांगतो, जे पुडके स्वतःच्या हाताने उघडून पाहिलेले नाही ते बॅगेत ठेवू नका. त्यात संकोच कसला? देणाऱ्याचा हेतू स्वच्छ असेल तर तो उघडायला हरकत घेणार नाही.

दुसरी गोष्ट मुलांच्या हाती दिलेल्या वाहनाची. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य कायदा गुन्हा मानीत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज पुरेशी पिकलेली नसेल तर त्यालाही सूट आहे. पण सोळा-सतरा वर्षांचा मुलगा लायसन्स नसताना गाडी घेऊन निघाला आणि गुन्हा घडला, तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडी तुमच्या संमतीनेच दिली होती असे न्यायालय गृहीत धरते. तुमच्या नकळत नेली किंवा तुम्ही पूर्ण काळजी घेतली होती, हे तुम्हाला सिद्ध करावे लागते. किल्ली खुंटीला टांगलेली आणि मुलगा रोज गाडी नेतो हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक, अशा स्थितीत बापाने ‘मला माहीत नव्हते’ म्हटले तर कोण विश्वास ठेवील?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. अपघात कोणाच्याही हातून होऊ शकतो. धडक हेतूविना बसते, पण जखमीला रस्त्यावर टाकून पळून जाणे हेतूविना होत नाही. जमावाच्या मारहाणीची भीती असेल तर पोलीस ठाणे गाठा, पण खबर द्या. जखमीला दवाखान्यात पोहोचविणे आणि पोलिसांना कळविणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. न कळविता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवणारे पोटकलम नव्या संहितेत आले. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि जुलैत संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. कलम लागू असो वा नसो, रस्त्यावर तडफडणारा माणूस कलमाची वाट पाहू शकत नाही.

भरपाईच्या बाबतीत आपला कायदा आता त्या जुन्या दियतच्या विचाराच्या बराच जवळ आला आहे. मोटार अपघातात मृत्यू झाला तर कोणाची चूक होती हे सिद्ध न करताही वारसांना पाच लाख रुपये मागता येतात, आणि ते गाडीच्या मालकाने किंवा विमा कंपनीने द्यायचे असतात. गंभीर दुखापतीसाठी ही रक्कम अडीच लाख आहे. इथे हेतूही विचारला जात नाही आणि हयगयही विचारली जात नाही. घरातला कमावता माणूस गेला, एवढे पुरे होते. म्हणून ज्यांच्या घरी वाहन आहे त्यांनी विम्याचे हप्ते चुकवू नयेत. विमा नसेल तर हा बोजा तुमच्याच घरावर येईल, आणि तुमची ऐपत नसेल तर मेलेल्याच्या मुलांचा हक्क बुडेल.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर मी असे देतो. हेतू नसलेल्याला खुनी म्हणू नये आणि खुन्याची शिक्षा देऊ नये. ज्याने शक्य ती काळजी घेतली किंवा जो प्रामाणिकपणे फसला, त्याला शिक्षा मुळीच असू नये. ज्याने काळजी घेता येत असून घेतली नाही, त्याला त्याच्या हयगयीच्या मापाने शिक्षा व्हावी. आणि नुकसान भरून देण्याच्या जबाबदारीतून हेतू नव्हता म्हणून कोणी सुटू नये.

पालकांनी घरी गेल्यावर या गोष्टी मुलांशी बोलाव्यात अशी माझी विनंती आहे. पुढच्या वेळी मुलगा “मी मुद्दाम नाही केलं” म्हणेल, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवा, त्याला मारू नका. फक्त एवढे विचारा, की ते टळावे म्हणून तू काय केले होतेस, आणि आता भरून कसे देणार? दुसऱ्याचे फोडले असेल तर त्याला बरोबर घेऊन शेजाऱ्याच्या दारी जा आणि खाऊच्या पैशांतून थोडे तरी त्याच्याच हाताने देववा.